ज्याची सावली पडते

एक मुलगा आणि एक मुलगी. बालपण एकाच आळीत गेलेले, भांडणे एकाच ओट्यावर मिटलेली. पुढे कधीतरी त्यांतल्या एकाला उमगते की, आपल्या मनात आहे त्याला नुसते मैत्र म्हणता येणार नाही. ही गोष्ट आता आपल्या कादंबऱ्यांत इतकी रुळली आहे की, पहिल्या प्रकरणात दोघे एकमेकांच्या डब्यातली लोणच्याची फोड पळवू लागली म्हणजे वाचक शेवटचे पान मनातच वाचून टाकतो. अशा गोष्टीत लेखक पुष्कळदा आणखी एक जिन्नस घालतो. तो म्हणजे चिमूटभर अशक्य. एखादे पत्र लिहिण्यापूर्वीच हाती पडते. गेलेली आजी चक्क माजघरात येऊन बसते आणि पानाला चुना लावू लागते. बाकी सारे नेहमीचे असते. भाजीचे भाव, बापाचा खोकला, परीक्षेचा निकाल. मधेच हे एवढेसे अशक्य.

मी सध्या अशीच एक कादंबरी लिहीत आहे, त्यामुळे त्या चिमटीचे तिथे काम काय, हा प्रश्न मला टाळता येत नाही. आमच्या भिवापुरात मिरचीची चिमूट जपून टाकतात. प्रश्न नुसता लेखनाचा असता तर तो मी माझ्या वहीतच सोडवला असता; दिवाळीच्या फराळाबरोबर तुमच्यापुढे ठेवला नसता. पण तो माणसांच्या वागण्याचा आहे. मैत्रीचे प्रेम झाले, तर आधीची मैत्री खरी होती, की ते नुसते वाट पाहत बसणे होते? आणि एखाद्या चमत्काराने दोन मने जुळवली, तर ती जुळली असे म्हणायचे का?

आपल्याकडे ही वाट मुळात उलट्या दिशेने चालत आली आहे. माझ्या आजीने नवऱ्याशी दिवसाउजेडी पहिले वाक्य लग्नानंतर दोन वर्षांनी उच्चारले, असे ती स्वतः सांगे. तोवर तो तिला परकाच होता. पण म्हातारपणी ती दोघे अंगणात पुढ्यात सुपे घेऊन मिरच्यांचे देठ खुडत बसत आणि तास तास बोलत. काय बोलत, ते आम्हा पोरांना कधी कळले नाही. आम्ही जवळ गेलो की दोघे गप्प होत. आधी लग्न, मग संसार, आणि नशिबात असेल तर शेवटी मैत्री, असा तो क्रम होता. ‘नशिबात असेल तर’ हे शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांच्या नशिबात नव्हती, अशा आज्याही मी पाहिल्या आहेत.

विदर्भाच्या जुन्या राजकन्यांचीही तऱ्हा हीच. रुक्मिणीने कृष्णाला आणि दमयंतीने नळाला आधी ऐकले, मग वरले. ओळखदेख नसताना केवळ कीर्ती ऐकून मन देणे, हे आमच्या कुंडिनपुराचे, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपुराचे, जणू कुलव्रतच! इंदुमतीने भर स्वयंवरात अजाला माळ घातली. पुढे एके दिवशी आकाशातून, नारदाच्या वीणेवरून घसरलेली एक फुलांची माळ तिच्या अंगावर पडली आणि तेवढ्याने ती गेली. माझे शिक्षण बेताचे. कालिदास मी मराठी भाषांतरांतून वाचला. तरी ‘रघुवंशा’तला अजाचा विलाप भाषांतरातही अंगावर येतो. तो राजा मेलेल्या बायकोला आपली गृहिणी म्हणतो, सल्लागार म्हणतो, आणि सखीही म्हणतो. म्हणजे स्वयंवरातली अनोळखी मुलगी एवढ्या वर्षांत त्याची मैत्रीण झाली होती. त्या काव्यातले अशक्य आहे फुलाच्या माळेने माणूस मरण्यात, आणि ते कालिदासाने चार ओळींत उरकावे तसे उरकले आहे. रेंगाळला तो त्या ‘सखी’पाशी.

मग आधी मैत्री आणि नंतर प्रेम, अशी गोष्ट आपल्याकडे नव्हतीच काय? एक होती. तिचा शेवट शापात झाला.

देवांचा गुरू बृहस्पती. त्याचा मुलगा कच हा असुरांचा गुरू शुक्राचार्य याच्याकडे शिष्य म्हणून राहिला. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शुक्राजवळ होती आणि ती देवांना हवी होती. देवांनी कचाला पाठवतानाच सांगितले होते की, शुक्राच्या मुलीला, देवयानीला, प्रसन्न ठेव. तो आश्रमात राहिला. तिच्यासाठी फुले आणी, गाई, तिची कामे करी. तीही त्याच्याशी मोकळेपणाने वागे. आपल्या साऱ्या पुराणांत तरुण मुलगा आणि तरुण मुलगी यांचा असा रोजचा सहवास मला दुसरीकडे क्वचितच दिसतो. असुरांना त्याचा संशय आला. त्यांनी त्याला रानात गाठून मारले आणि तुकडे लांडग्यांना घातले.

इथे महाभारतकाराने एक साधी गोष्ट सांगितली आहे. संध्याकाळी गाई घरी आल्या, त्यांच्यामागे गुराखी आला नाही. हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? देवयानीच्या. सूर्य बुडाला, अग्निहोत्र झाले, गाई परतल्या आणि कच कुठे दिसत नाही, असे ती बापाला म्हणाली. मैत्रीची व्याख्या मला वर्गात कोणी विचारली तर मी हा प्रसंग सांगते. आपण संध्याकाळी परतलो नाही, हे ज्याच्या ध्यानात येते तो मित्र. पुढचे, मंत्राने त्याचे जिवंत होणे, हा पुराणातला चमत्कार. माझ्या लेखी तो दुय्यम आहे.

दोनदा तो मेला, दोनदा तिच्या हट्टाने उठला. तिसऱ्यांदा असुरांनी त्याला जाळले आणि ती राख मद्यात मिसळून खुद्द शुक्राचार्यांना पाजली. आता कचाला उठवावे तर शुक्राचे पोट फुटणार. तेव्हा शुक्राने पोटातल्या शिष्यालाच विद्या शिकवली. कच पोट फाडून बाहेर आला आणि मग त्याने त्याच विद्येने गुरूला जिवंत केले. पुढे व्रताची वर्षे सरली, निघण्याची वेळ आली आणि देवयानीने त्याला सरळ विचारले, ‘माझ्याशी लग्न कर.’

तो नाही म्हणाला. नाही म्हणण्याचा त्याला अधिकार होता. त्याबद्दल मी कचाला दोष देणार नाही. देवयानीने त्याला तिनदा वाचवले खरे, पण वाचवल्याचे बिल मैत्रीत पुढे करता येत नाही. माझी तक्रार त्याने दिलेल्या कारणाबद्दल आहे. तू गुरुकन्या आहेस, हे एक. दुसरे म्हणजे, ज्या पोटी तू जन्मलीस त्याच पोटात मी राहून आलो, म्हणून तू माझी बहीण झालीस. पाहा कसा सुटला! तिने मनातले विचारले आणि त्याने पोटातले सांगितले. ‘माझ्या मनात तुझ्याबद्दल तसे काही नाही’, किंवा ‘आहे, पण मी देवांचा माणूस आहे, मला परतले पाहिजे’, यांतले एक वाक्य तो बोलला असता, तर कदाचित शाप उच्चारलाच गेला नसता. त्याने अशक्याच्या आड तोंड लपवले. तुझी विद्या तुला फळणार नाही, असा तिने शाप दिला. मी दुसऱ्याला शिकवीन, त्याला फळेल, असे म्हणून त्याने उलटा शाप दिला की, कोणी ऋषिपुत्र तुझा हात धरणार नाही. एवढ्या वर्षांचा स्नेह, आणि शेवट हा.

हा काटा मराठी लेखकांना वारंवार टोचलेला दिसतो. खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ लिहिले. खांडेकरांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’त कच पुन्हा आला आणि मूळ कथेपेक्षा किती तरी अधिक वेळ राहिला. तिथला कच संयमी आहे, थोर आहे. मला मात्र तो महाभारतातल्या कचापेक्षाही अवघड वाटतो. इतक्या थोर माणसाशी भांडायचे कसे, हा देवयानीचा प्रश्न त्या कादंबरीतही उरतोच. असो. खांडेकरांच्या वाचकांनी रागावू नये, मीही त्यांतलीच एक आहे.

हे सारे पुराण मी एवढ्या तपशिलाने का सांगते आहे, ते आता सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती. तिच्या आळीतला एक मुलगा तिचा बारा वर्षांचा मित्र आहे. दोघे कॉलेजसाठी भिवापूरहून उमरेडला एकाच गाडीने जात. नागपूर–नागभीडची ती छोट्या रुळांची गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या शेवटच्या वर्षांतले हे प्रवासी. गाडी इतकी सावकाश चाले की, त्या वेळात एखाद्याने आपले सारे आयुष्य सांगून संपवावे. त्या मुलाने यंदा तिला लग्नाचे विचारले होते. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली,

“बाई, तो इतकी वर्षे माझा मित्र होता, की वाट पाहत होता? वाट पाहत असेल, तर मग माझा मित्र कोण होता?”

या प्रश्नाला ताबडतोब उत्तर देईल तो माणूस शहाणा नव्हे. मी तिला चहा दिला. मग कच-देवयानीची गोष्ट सांगितली. कच पहिल्या दिवसापासूनच काम घेऊन आला होता. त्याची फुले, त्याचे गाणे, साऱ्याच्या मागे ‘प्रसन्न ठेव’ ही आज्ञा होती. त्याला वाट पाहणे म्हणता येईल. पण ज्याच्या मनात आरंभी काही नव्हते आणि चालता चालता उगवले, त्याने तुला फसवले असे कसे म्हणावे? कोय पेरताना आंब्याचा रस कोणाच्या हातात असतो? ती म्हणाली, “पण आधी होते की नव्हते, हे मला कसे कळणार?” मी म्हटले, तू नाही म्हणालीस तर तो काय करील, यावरून कळेल. तो शाप देणाऱ्यांतला असेल, तर वाटच पाहत होता असे समज. नाही ऐकूनही तुझी गाय चुकली तर शोधायला निघणार असेल, तर तो मित्र होता आणि आहे.

ती हसली. “म्हणजे हो म्हणायचे असले, तरी आधी नाही म्हणून पाहायचे?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ही परीक्षा आधी घेता येत नाही, हे तिचे म्हणणे बरोबरच आहे. आणि घेतली तर तीही एक फसवणूकच.

या बाबतीत कृष्ण आणि द्रौपदी सुखी म्हणायची. त्यांच्यात सखा-सखीचे नाते आयुष्यभर राहिले आणि ‘मग पुढे काय?’ असे त्यांना कोणी विचारले नाही. भरसभेत अखंड वस्त्र पुरवले जाण्याचा केवढा अशक्य चमत्कार तिथे झाला. त्याची परतफेड कोणी मागितली नाही. मैत्रीला पुढे कुठे जायलाच हवे, हा हट्ट आपल्या कादंबऱ्यांचा आहे. मैत्री ही प्रेमाच्या दारातली ओसरी, असे समजून लिहिलेल्या किती तरी कथा मी अर्ध्यावर मिटल्या आहेत.

आता पुन्हा दमयंतीकडे येते, कारण त्या मुलीला जे मला सांगता आले नाही, ते दमयंतीने करून दाखवले आहे. स्वयंवराच्या मंडपात तिला एकाच्या जागी पाच नळ दिसले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चारही देव नळाचे रूप घेऊन बसले होते. अशक्याचा असा गराडा दुसऱ्या कोणत्या नायिकेला पडला असेल? तिने हात जोडून देवांनाच विनवले की, मी मनाने नळाला वरले आहे, आता तुम्हीच आपल्या खुणा दाखवा. मग तिला दिसले. चौघांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगावर घाम नव्हता, माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भुईला टेकले नव्हते. पाचव्याच्या पापण्या लवत होत्या. त्याची माळ सुकली होती, अंगावर धूळ होती, घाम होता, आणि त्याची सावली पडत होती. तिने त्याच्या गळ्यात माळ घातली.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला देवांचे नवल वाटले. आता त्या सावलीचे वाटते. इथे चमत्कार आहे, पण तो दमयंतीच्या वतीने निवड करत नाही. उलट त्याच्यामुळे माणसाचे माणूसपण, एरवी आपण पाहतसुद्धा नाही ते घामाचे आणि धुळीचे माणूसपण, एकदम डोळ्यांत भरते.

पुढे तीच कथा आणखी खोल जाते. द्यूतात राज्य गेले, नळ तिला रानात सोडून गेला, कर्कोटकाच्या दंशाने कुरूप झाला आणि बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी राहिला. वर्षांनी तो कुंडिनपुरात आला, तेव्हा दमयंतीने दासीला त्याच्यावर पाळत ठेवायला धाडले. दासी येऊन सांगू लागली की, हा माणूस नुसता पाहतो आणि रिकामे भांडे पाण्याने भरते. गवताची काडी धरतो आणि ती पेटते. ठेंगणे दार याच्यासाठी उंच होते. चमत्कारांची रास झाली. दमयंतीने ऐकून घेतले आणि सांगितले, ‘त्याने शिजवलेले थोडे घेऊन ये.’ तिने ते चाखले आणि तिला कळले. चव ओळखीची होती. पुष्कळ दिवस एका पंक्तीला जेवलेल्या माणसालाच हे ओळखता येते. पहिल्या खेपेस तिने ऐकून वरले होते; या खेपेस ओळखून वरले. आधी मैत्री आणि मग प्रेम, ही गोष्ट खरे तर इथे आहे, फक्त मधे लग्न, दोन मुले आणि एक अरण्य आहे.

माझ्या कादंबरीतली चिमूटही मी याच हिशेबाने मोजते आहे. बंद झालेली ती गाडी एका रात्री भिवापूर स्टेशनात येऊन उभी राहते, एवढेच माझे अशक्य. दोघे मित्र तिच्यात चढतात. एका स्नेह्याने सुचवले की, गाडीतच काही तरी असे घडव की, तिला त्याच्याविषयी प्रेम वाटू लागेल. मी ते मानले नाही. वशीकरणाच्या गोष्टी मला मुळात अनीतीच्या वाटतात, मग ते वशीकरण ताईताचे असो वा लेखकाच्या लेखणीचे. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात; वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीची नाटके पाहायला लोक बैलगाडीच्या काळापासून लोटतात. अशाच एका नाटकात नायकाने मांत्रिकाकडून गंडा आणला आणि नायिका वश झाली. टाळ्या पडत होत्या, तेवढ्यात माझ्यामागे घोंगडी पांघरून बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, “मंग तिनं कुटं पसंत केला वं? गंड्यानं केला.” समीक्षेची पुस्तके मी फार वाचलेली नाहीत, पण या विषयावर याहून नेमके वाक्य मला कुठे आढळलेले नाही.

गाडी न येण्यासारखी होती आणि आली, तर वाचक तेवढे मान्य करतो. गाव तर फारच लवकर मान्य करील. चार दिवस नवल, मग विसर. पण माझ्या त्या विद्यार्थिनीची आणि तिच्या मित्राची जात वेगळी आहे. दोन घरांच्या चुली एक होणे, हे अशक्य आमच्या आळीला त्या गाडीहून मोठे वाटते. जात मोडायची तर खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात लिहून ठेवले आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने त्याची वाटही काढून दिली, मात्र तीस दिवसांची नोटीस फळ्यावर लावून. दमयंतीच्या मंडपात चार देव आडवे आले होते. इथे नोटीस वाचायला कोण कोण येईल, ते सांगवत नाही. मुलीच्या वडिलांना मी ओळखते. माणूस चांगला आहे आणि घाबरलेला आहे. ‘मित्र होता तोवर आम्ही काही बोललो का?’ असे ते मला म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. मुलगा त्यांच्या ओसरीवर बारा वर्षे चहा पीत आला. ओसरीवर चालले ते माजघरात का चालू नये, असे मी विचारले, तेव्हा ते उठून गेले. रागाने नव्हे, त्यांच्याजवळही उत्तर नव्हते.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली. कादंबरीची वही मागून घेतली आणि गाडीचे प्रकरण उभ्या उभ्या वाचले. मग म्हणाली, “गाडीत दिवा नका ठेवू बाई. आमच्या डब्यातला कधीच लागत नसे. पावसाळ्यात पाच वाजताच अंधार व्हायचा. तो कुठे बसला आहे ते मला त्याच्या खोकल्यावरून कळायचे.”

मी दिवा खोडला. त्या मुलाला तिने काय उत्तर दिले, ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. प्रकरणाच्या शेवटी दोघे उमरेडकडून परत भिवापूरला येतात, पहाट होत असते आणि ती आधी उतरते. तो अजून डब्याच्या दारात उभा आहे. फलाटावर ऊन यायला थोडा वेळ आहे. तिथवर लिहून झाले आहे.